इमर्जन्सी आणि ट्रॉमा रेडिओलॉजीची फेलोशिप: निवडीपासून पहिल्या एकट्या रात्रीपर्यंत

रेडिओलॉजीच्या बहुतेक उपशाखा शरीराच्या एखाद्या भागाभोवती किंवा एखाद्या तंत्राभोवती उभ्या राहिल्या आहेत. न्यूरोरेडिओलॉजी मेंदूची आणि मणक्यांची, मस्क्युलोस्केलेटल रेडिओलॉजी हाडांची आणि सांध्यांची. इमर्जन्सी आणि ट्रॉमा रेडिओलॉजी मात्र वेळेभोवती उभी आहे. रुग्ण दारातून आत आल्यावर पुढच्या काही मिनिटांत किंवा तासांत जो निर्णय घ्यायचा असतो, त्या निर्णयाला पुरेल एवढी आणि त्या क्षणी विसंबता येईल अशी माहिती प्रतिमांमधून काढून योग्य माणसाच्या कानावर घालणे, एवढेच तिचे काम. त्यामुळे डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत, तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत आणि साध्या एक्स-रेपासून एमआरआयपर्यंत सगळेच तिच्या वाट्याला येते. स्वतंत्र शाखा म्हणून तिचे वय फार नाही. अमेरिकेतील इमर्जन्सी रेडिओलॉजीची संघटना १९८८ मध्ये स्थापन झाली, या विषयाला वाहिलेले नियतकालिक १९९४ मध्ये सुरू झाले आणि युरोपातील संघटना २०११ मध्ये आली.

रेडिओलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, संपवत आलेल्या किंवा नुकत्याच संपवलेल्या, आणि या फेलोशिपचा, म्हणजे त्यानंतरच्या विशेष प्रशिक्षणाचा, विचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी हा लेख आहे. मी स्वतः हे प्रशिक्षण घेतले आहे आणि नंतर फेलोंना शिकवलेही आहे, त्यामुळे काही ठिकाणी माझी मते आडपडदा न ठेवता आली आहेत.

पहिली पायरी: ही फेलोशिप आपल्याला हवी आहे का

"रेसिडेन्सीत एवढ्या रात्रपाळ्या केल्या, आता यात वेगळे काय शिकायचे?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक इच्छुक विचारतो आणि तो रास्त आहे. रेसिडेन्सीतल्या रात्रींनी आपल्याला वेग दिलेला असतो आणि झोपेशी तडजोड करायला शिकवलेले असते. परंतु त्या रात्री दिलेल्या शंभर रिपोर्टांपैकी किती बरोबर होते, किती थोडक्यात हुकले आणि शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष काय सापडले, हे बहुतेकांना कधी कळतच नाही. चुकीची बातमी कानावर न येता केलेला सराव चुकीलाच पक्का करतो. फेलोशिपचे मोल आहे ते या परतीच्या बातमीत: आपण रात्री काय लिहिले आणि सकाळी काय खरे ठरले, यांची सांगड कोणीतरी शेजारी बसून, वर्षभर, रोज घालून देते.

उलट, ज्यांना एकेका प्रतिमेवर निवांत विचार करायला आवडते, ज्यांची तंद्री फोनच्या घंटीने भंगली की परत लागत नाही, किंवा ज्यांना रात्रीचे जागरण प्रकृतीला मानवत नाही, त्यांनी या शाखेपासून दूर राहण्यात कमीपणा मानू नये. एका पाळीत पन्नास वेळा कोणीतरी मध्येच थांबवणार आणि थांबवलेल्या जागेवरून आपल्याला पुन्हा अचूक सुरुवात करावी लागणार, हे येथे गृहीतच आहे. तसेच दिवसरात्र चकाकणाऱ्या अपघातांचे जे चित्र मनात असते, तेही थोडे पुसून टाकावे. बहुतेक पाळ्यांमध्ये अपघातांपेक्षा पोटदुखी, छातीतली कळ, पक्षाघाताची शंका आणि मुरगळलेले घोटे यांचीच गर्दी अधिक असते.

दुसरी पायरी: केंद्राची निवड

फेलोशिप साधारणपणे एक वर्षाची असते. अमेरिकेत तिथल्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या मान्यता परिषदेकडून या उपशाखेला स्वतंत्र मान्यता दिली जात नाही, म्हणजेच एकच बांधील अभ्यासक्रम सर्वांना लागू नाही, आणि जगात इतरत्रही केंद्रागणिक फरक मोठा आहे. एकाच नावाच्या दोन फेलोशिपांपैकी एक उत्तम शिक्षण असू शकते आणि दुसरी म्हणजे रात्रपाळीसाठी कमी पगारात मिळवलेला माणूस असू शकतो. म्हणून माहितीपत्रकातील यंत्रांची यादी वाचून हुरळून जाऊ नये. दोन ट्यूबांचा स्कॅनर असला म्हणून शिक्षण चांगले होते असे नाही.

मी इच्छुकांना एकच गोष्ट आवर्जून सांगते: त्या केंद्राची रात्र पाहा. शक्य असेल तर एक रात्र तिथे जाऊन बसण्याची परवानगी मागावी, नसेल तर सध्याच्या फेलोशी बोलावे, आणि तेही विभागप्रमुखांच्या उपस्थितीत नव्हे. रात्री दोन वाजता फेलोच्या शेजारी वरिष्ठ बसलेले असतात, फोनवर असतात, की सकाळी आठलाच उगवतात? फेलोच्या प्राथमिक रिपोर्टात बदल झाला तर ते त्याला कोण आणि किती वेळात कळवते? बदल कळवण्याची ठरलेली पद्धत आहे की ज्याला आठवेल तो सांगतो? सीटी स्कॅनर रिससिटेशनच्या (अत्यवस्थ रुग्णाला सावरण्याच्या) खोलीला लागून आहे की लिफ्टने दोन मजले जावे लागते? शेवटचा प्रश्न बांधकामाचा वाटेल, पण जिथे स्कॅनर जवळ असतो तिथे रेडिओलॉजिस्ट रुग्णाजवळ उभा राहतो आणि शल्यचिकित्सकांचे प्रश्न प्रत्यक्ष ऐकतो, आणि शिक्षणाचा निम्मा भाग त्या उभे राहण्यात आहे.

रुग्णांच्या प्रकारांबद्दलही विचारावे. बोथट आघात, म्हणजे वाहनांची धडक आणि उंचावरून पडणे, सगळीकडेच असतात. भोसकल्याच्या आणि गोळीच्या जखमा काही केंद्रांतच नियमित येतात आणि त्यांचे वाचन पूर्णपणे वेगळे असते, कारण तिथे जखमेचा मार्ग शोधून त्या मार्गावरच्या प्रत्येक अवयवाचा हिशेब द्यावा लागतो. मुलांचा आपत्कालीन विभाग त्याच छताखाली आहे का, रात्री एमआरआय चालतो का, रक्तस्राव थांबवणारा इंटरव्हेन्शनल विभाग किती वेळात तयार होतो, आणि सोनोग्राफी फेलो स्वतः करतो की फक्त तंत्रज्ञाने काढलेल्या प्रतिमा वाचतो, हेही जाणून घ्यावे. परवाना, व्हिसा, विमा आणि पाळ्यांची संख्या या गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय होकार देऊ नये. त्यावर याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

तिसरी पायरी: अर्ज आणि मुलाखत

बऱ्याच केंद्रांत जागा वर्षभर आधीच भरलेल्या असतात, म्हणून रेसिडेन्सीचे शेवटचे वर्ष सुरू होण्याआधीच चौकशीला लागावे. अर्जासोबतच्या पत्रात "मला आव्हाने आवडतात" अशी वाक्ये टाळावीत, कारण ती प्रत्येक पत्रात असतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढून तशीच निघून जातात. त्याऐवजी आपल्या एखाद्या कामाचा नेमका तपशील द्यावा: उदाहरणार्थ, आपल्या विभागात रात्रीच्या रिपोर्टांमधील फरकांची नोंद ठेवायला सुरुवात केली असेल, किंवा डोक्याच्या सीटीची निकड ठरवण्यासाठी आपत्कालीन विभागाबरोबर एखादी पद्धत बसवली असेल, तर ते दोन परिच्छेदांत लिहावे. शिफारसपत्रांपैकी एक तरी आपत्कालीन वैद्यक किंवा ट्रॉमा शस्त्रक्रिया विभागाच्या वरिष्ठांचे असावे. रेडिओलॉजिस्टने दुसऱ्या रेडिओलॉजिस्टची स्तुती करणे अपेक्षितच असते. पण ज्याने तुमचा रिपोर्ट हातात घेऊन पोट उघडले, त्याचे चार शब्द अधिक जड असतात.

मुलाखतीत चुकीबद्दल हमखास विचारले जाते. तेव्हा निरुपद्रवी चूक निवडू नये. खरी चूक सांगावी, ती कशी लक्षात आली ते सांगावे आणि त्यानंतर वाचण्याच्या पद्धतीत काय बदलले तेही सांगावे.

चौथी पायरी: रुजू होण्याआधीची तयारी

ट्रॉमा टीमची भाषा आधी शिकावी. तीव्र आघाताच्या रुग्णाची तपासणी जगभर ज्या क्रमाने होते, म्हणजे श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती आणि शेवटी संपूर्ण शरीर उघडे करून पाहणे, तो क्रम एटीएलएस या आघातोपचाराच्या अभ्यासक्रमाने रूढ केला. १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या ग्रामीण भागात एका अस्थिशल्यचिकित्सकाचे विमान कोसळले, त्यांची पत्नी दगावली, मुले गंभीर जखमी झाली, आणि तिथे मिळालेले उपचार पाहून अस्वस्थ झालेल्या त्या डॉक्टरांच्या पुढाकारातून हा अभ्यासक्रम उभा राहिला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. रेडिओलॉजिस्टला तो बंधनकारक नसला तरी करावा असे माझे ठाम मत आहे. समोरची टीम या क्षणी कोणत्या टप्प्यावर आहे हे कळले, तरच आपले कोणते वाक्य आधी बोलायचे ते कळते.

दुसरी तयारी प्रतवारीची. अवयवांच्या इजांसाठी अमेरिकेतील ट्रॉमा शल्यचिकित्सकांच्या संघटनेची, म्हणजे एएएसटीची प्रतवारी सर्वाधिक वापरात आहे. प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंड यांच्यासाठी ती २०१८ मध्ये सुधारली गेली आणि त्या सुधारणेत सीटीवर दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या इजेला प्रथमच योग्य स्थान मिळाले. प्लीहेच्या आवरणाच्या आत स्यूडोअ‍ॅन्युरिझम (फाटलेल्या धमनीलगत कोंडलेला रक्ताचा फुगा) किंवा सक्रिय रक्तस्राव असेल तर प्रत चौथी, आणि रक्त आवरण ओलांडून पोटात येत असेल तर पाचवी. यकृताच्या बाबतीत हीच चिन्हे अनुक्रमे तिसऱ्या आणि चौथ्या प्रतीत मोडतात. हे आकडे पाठ करणे अवघड नाही. मात्र फाटलेल्या भेगेची खोली मोजत बसून रक्तवाहिनीकडे दुर्लक्ष करण्याची जुनी सवय मोडणे अवघड असते. मानेतील रक्तवाहिन्यांच्या बोथट इजेसाठी डेन्व्हरचे निकष, आणि मानेच्या मणक्यांची प्रतिमा कोणाची काढायची हे ठरवणारे २००० आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले नेक्सस आणि कॅनेडियन नियम, हेही आधीच वाचून ठेवावेत.

तिसरी तयारी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षित: कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे रक्तवाहिन्या आणि अवयव प्रतिमेत उजळवणाऱ्या औषधाच्या, वेळा. औषध शिरेत सोडल्यानंतर साधारण २५ ते ३० सेकंदांनी धमन्या उजळतात, साधारण ७० सेकंदांनी यकृत, प्लीहा आणि शिरा समसमान उजळतात आणि पाच ते दहा मिनिटांनी कॉन्ट्रास्ट मूत्रमार्गात उतरते. प्रत्येक फेज, म्हणजे यांपैकी एका वेळी काढलेली प्रतिमांची मालिका, एक वेगळा प्रश्न विचारते. प्लीहेत एक चकाकता ठिपका दिसला, तर तो कोंडलेला स्यूडोअ‍ॅन्युरिझम आहे की वाहते रक्त, हे एका फेजवरून खात्रीने सांगता येत नाही. दुसऱ्या फेजमध्ये तोच ठिपका आकाराने तेवढाच राहून महाधमनीबरोबर फिका होत गेला तर रक्त कोंडलेले आहे. तो पसरला, आकार बदलून बसला आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्या फिक्या होऊनही चकाकतच राहिला, तर रक्त वाहते आहे. पहिल्याला इंटरव्हेन्शनल विभागाची वेळ घेता येते. दुसऱ्यासाठी फोन आधी उचलावा लागतो.

साध्या, कॉन्ट्रास्टविना असलेल्या द्रवाची घनताही बोलते. न गोठलेले रक्त साधारण ३० ते ४५ हाउन्सफील्ड एककांचे (सीटीवरील घनतेचे माप), गोठलेले ४५ ते ७० चे असते, आणि पोटात सगळीकडे पसरलेल्या रक्तात जिथे सर्वांत दाट गुठळी दिसते, तिच्या शेजारचा अवयव बहुधा दोषी असतो. रक्तक्षयाच्या रुग्णात हे आकडे खाली घसरतात, हे ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी: पहिले तीन महिने आणि वाचण्याचा क्रम

अनेक जखमा असलेल्या रुग्णाच्या संपूर्ण शरीराच्या सीटीत हजारो प्रतिमा असतात. त्या तीन फेऱ्यांत वाचाव्यात, असे मी शिकवते. पहिली फेरी स्कॅनरच्या खोलीतच, रुग्ण टेबलावर असताना, दोन-तीन मिनिटांची: श्वासनलिकेतील नळी जागेवर आहे का, छातीत दाबाचा न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर कोंडलेली हवा) आहे का, डोक्यात मेंदू एका बाजूला ढकलणारा रक्तस्राव आहे का, महाधमनी शाबूत आहे का, पोटात किंवा पेल्व्हिसमध्ये (ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात) रक्त वाहते आहे का. याच फेरीत अधोमहाशीर (खालच्या शरीराचे रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) चपटी झाली आहे का हेही पाहावे, कारण रक्तदाबाचा आकडा ढळण्याआधीच कधीकधी ती रुग्ण रिकामा होत चालल्याचे सांगते. दुसरी फेरी टेबलावर बसून, अवयवानुसार, ठरलेल्या क्रमाने आणि दर वेळी त्याच क्रमाने. तिसरी फेरी प्रतिमांच्या पुनर्रचनांची: मणक्यांच्या सॅजिटल (बाजूने पाहिलेल्या) आणि कोरोनल (समोरून पाहिलेल्या) मालिका, हाडांची विंडो (हाडे ठळक दिसतील अशी प्रतिमेची छटा), फुप्फुसांची विंडो, चेहऱ्याची हाडे, आणि स्कॅनच्या अगदी कडेला येणारे खांदे व मांड्यांची टोके.

ही तिसरी फेरी मी एकदा सोडली होती. फेलोशिपच्या दुसऱ्या महिन्यात, पहाटे साडेतीनच्या सुमारास, गाडीच्या धडकेत सापडलेल्या आणि पट्टा बांधलेल्या एका प्रवाशाचा स्कॅन आला. नाभीखालच्या चरबीत पट्ट्याच्या रुंदीचा एक आडवा धूसर पट्टा उमटला होता, आतड्यांच्या वेटोळ्यांमध्ये त्रिकोणी आकाराचा थोडा द्रव होता आणि मेसेंटरीत (आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात) एक लहानशी गुठळी होती. आतडे किंवा मेसेंटरीला इजा असल्याची शंका मी शल्यचिकित्सकांना कळवली, त्यांनी शाबासकी दिली, आणि मी पुढच्या स्कॅनकडे वळले. मणक्यांची सॅजिटल मालिका काही मिनिटांनी वेगळी आली होती. मी ती उघडली नाही. सकाळी वरिष्ठांनी ती उघडली, काहीही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली, आणि दुसऱ्या कंबरमणक्यातून मागून पुढे, काट्यापासून मणक्याच्या देहापर्यंत, सरळ आडवी गेलेली भेग मला दिसली. सुदैवाने रुग्णाला तोवर अतिदक्षता विभागात पाठीवर सरळच ठेवले होते.

या अस्थिभंगाचे वर्णन चान्स नावाच्या रेडिओलॉजिस्टने १९४८ मध्ये केले. तो अ‍ॅक्सिअल (आडव्या कापांच्या) प्रतिमांच्या पातळीला समांतर जातो, म्हणून त्या प्रतिमांमध्ये तो हातातून निसटतो. शिवाय पट्ट्यावर शरीर पुढे वाकून दुमडले की पुढून आतडे चिरडते आणि मागून मणका फाटतो, म्हणजे मला सापडलेली इजा हीच न सापडलेल्या इजेची सूचना होती. एक मोठी गोष्ट सापडली की शोध थांबतो, हा दोष या शाखेत सर्वांना माहीत आहे आणि तरीही सर्वांना डसतो. त्यावर माझ्या अनुभवात एकच उपाय टिकला आहे: जोड्या पाठ करणे. डावीकडच्या खालच्या बरगड्या मोडल्या तर प्लीहा पुन्हा पाहावी. पेल्व्हिसचे पुढचे हाड मोडले तर मूत्राशय पाहावे, आणि शंका असल्यास कॅथेटरमधून ३०० ते ३५० मिलीलिटर पातळ केलेले कॉन्ट्रास्ट भरून पुन्हा स्कॅन करावा. मूत्राशय आपोआप भरण्याची वाट पाहून केलेल्या स्कॅनवर विसंबू नये. कवटीच्या तळाची भेग मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या बोगद्यातून जात असेल तर ती धमनी पाहावी. टाचेचे हाड उंचावरून पडून फुटले असेल तर कंबरेचे मणके पाहावेत.

सहावी पायरी: फोनवर बोलायला शिकणे

रिपोर्ट लिहिणे रेसिडेन्सीत शिकवले जाते, रिपोर्ट बोलणे क्वचितच. आपत्कालीन कामात आधी बोललेला रिपोर्ट चालतो, लिहिलेला नंतर येतो. नवखे फेलो फोनवर अवयवांच्या क्रमाने बोलू लागतात आणि प्लीहेपर्यंत पोहोचेपर्यंत पलीकडच्याचे लक्ष उडालेले असते. बोलण्याचा क्रम निकडीचा असावा. एक नमुना देते:

"मी रेडिओलॉजीतून बोलते आहे. रिससिटेशन दोनमधल्या रुग्णाचा सीटी समोर आहे. प्लीहेतून सक्रिय रक्तस्राव होतो आहे आणि रक्त पोटात येते आहे. उजव्या बाजूला मध्यम आकाराचा न्यूमोथोरॅक्स आहे, मेडियास्टिनम सरकलेले नाही. डोक्यात रक्तस्राव नाही. मानेचे मणके अजून पूर्ण पाहिलेले नाहीत, तोवर कॉलर काढू नका. मी दहा मिनिटांत पुन्हा फोन करते. ऐकले ते एकदा मला परत सांगाल का?"

यातली शेवटची तीन वाक्ये सर्वांत जास्त विसरली जातात. काय पाहिलेले नाही हे सांगणे म्हणजे अज्ञानाची कबुली नव्हे. कॉलर काढायची की नाही हा निर्णय पलीकडच्या माणसाला त्यावरूनच तर घ्यायचा असतो. ऐकलेले परत म्हणवून घेतल्याने डावे-उजवे उलटण्याची चूक तिथल्या तिथे सापडते. त्यानंतर कोणाशी, किती वाजता, काय बोलणे झाले हे रिपोर्टात नोंदवावे. पुढे दुसऱ्या वाचनात काही बदलले, तर मूळ वाक्य गुपचूप दुरुस्त न करता बदल झाल्याचे स्वतंत्रपणे लिहावे आणि पुन्हा फोन करावा. हा दुसरा फोन करताना घसा कोरडा पडतो, पण तो टाळणाऱ्या फेलोवर कोणीही वरिष्ठ विश्वास ठेवत नाही.

सातवी पायरी: अपघाताबाहेरचे आपत्कालीन काम

पक्षाघाताच्या रुग्णात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देण्याचा प्रघात आहे, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनंतर मोठ्या धमनीतील गुठळी नळीने काढण्याची मुदत निवडक रुग्णांसाठी २४ तासांपर्यंत वाढली. ही निवड प्रतिमांवरच होते, त्यामुळे साध्या सीटीवर मेंदूचा किती भाग बाधित झाला हे दाखवणारी दहा गुणांची अ‍ॅस्पेक्ट्स मोजणी हाताशी असावी आणि अँजिओग्राफीत अडलेली धमनी पहिल्या नजरेत सापडावी इतका सराव करावा. महाधमनीचे विच्छेदन, फुप्फुसातील गुठळी, आतड्याचा पीळ, अंडाशयाचा पीळ यांचेही तसेच. अंडकोषाला पीळ पडला तर पहिले सहा तास मोलाचे असतात. तिथे सोनोग्राफीची वाट पाहत शस्त्रक्रिया लांबता कामा नये.

आता हातापायांच्या एक्स-रेबद्दल, कारण फेलोंना ते कंटाळवाणे वाटतात आणि निसटणाऱ्या गोष्टींमध्ये अस्थिभंगांचाच भरणा मोठा असतो. खांदा मागच्या बाजूला निखळला असेल तर समोरून घेतलेल्या एक्स-रेत तो जवळजवळ जागेवरच असल्यासारखा दिसतो. मनगटात चंद्राकृती हाडाभोवतीचे सांधे निखळलेले केवळ बाजूच्या प्रतिमेत उघड होतात. मनगटातील स्कॅफॉइड या हाडाचा अस्थिभंग पहिल्या एक्स-रेत मुळीच दिसत नाही असेही घडते. गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा हाडाचा तुकडा सुटलेला दिसला, तर आतला अग्र क्रुसिएट लिगामेंट फाटला असण्याची दाट शक्यता असते. आणि तान्ह्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी कोपऱ्यातला बारीक अस्थिभंग किंवा मागच्या बाजूला बरगड्यांचे अस्थिभंग दिसले, आणि सांगितलेल्या कारणाशी ते जुळत नसतील, तर मूल मारहाणीला बळी पडले असण्याची शक्यता बालरोग विभागाला त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत कळवणे हे रेडिओलॉजिस्टचे कर्तव्य आहे. "क्लिनिकल सहसंबंध पाहावा" एवढे लिहून येथे सुटका होत नाही.

किरणोत्साराबद्दल थोडक्यात. प्रत्येक जखमीला डोक्यापासून मांडीपर्यंत स्कॅन करण्याचा मोह सर्वत्र आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिअ‍ॅक्ट-२ या चाचणीत सरसकट संपूर्ण शरीराच्या सीटीमुळे रुग्णालयातील मृत्यूंमध्ये फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणून तरुण, शुद्धीवर असलेल्या, स्थिर रुग्णाच्या बाबतीत "नेमके काय शोधायचे आहे?" असे विचारण्याचा अधिकार फेलोने वापरावा. गर्भवती जखमी स्त्रीच्या बाबतीत मात्र उलट चूक होते. पोटाच्या एका सीटीत गर्भाला मिळणारी मात्रा सहसा ५० मिलिग्रेच्या (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) खाली असते, आणि आईचा रक्तस्राव न सापडणे हा गर्भालाही त्याहून कितीतरी मोठा धोका असतो. गरजेचा स्कॅन तिथे अडवू नये.

आठवी पायरी: नोंदवही

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी, कागदाची किंवा संगणकावरची, पण रुग्णाची ओळख न नोंदवता. तिच्यात तीनच रकाने असावेत: मी काय म्हटले, अखेर काय निघाले, फरक का पडला. तिसऱ्या रकान्यात "घाई" असे लिहायला मनाई करावी, कारण घाई दर वेळी असतेच. "सॅजिटल उघडली नाही", "जुना स्कॅन पाहिला नाही", "फोन आल्यावर यादीत परत चुकीच्या जागी आले" असे लिहावे. दर महिन्याला वही चाळली की आपल्या चुकांचा साचा दिसू लागतो. माझ्या वहीत अर्ध्याहून अधिक चुका पहाटे तीन ते पाचच्या दरम्यानच्या निघाल्या, आणि त्यानंतर मी त्या दोन तासांत वाचलेला डोक्याचा प्रत्येक स्कॅन पाळी संपण्याआधी पुन्हा एकदा उघडू लागले. संशोधनाचा विषयही या वहीतून निघतो, आणि वर्षभरात एक प्रामाणिक, लहान आढावा पूर्ण होणे हे तीन अर्धवट प्रकल्पांपेक्षा बरे.

पाळ्यांच्या आखणीत सलग रात्रींची संख्या आणि त्यानंतरची विश्रांती याबद्दल बोलायला संकोचू नये. रात्रीनंतर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये. जखमींच्या यादीत आपलेच नाव यावे, इतका त्याग कोणी मागितलेला नाही.

शेवटची पायरी: एकटी रात्र

चांगल्या केंद्रांत अखेरच्या महिन्यांत फेलोला वरिष्ठ इमारतीत असताना, पण खोलीत नसताना, पूर्ण पाळी सांभाळायला देतात. त्या पाळीला बसण्याआधी काही गोष्टी हाताशी लिहून ठेवाव्यात: इंटरव्हेन्शनल विभागाचा थेट क्रमांक, न्यूरोसर्जनचा क्रमांक, कॉन्ट्रास्टची तीव्र अ‍ॅलर्जी आल्यास स्कॅनर खोलीतील अ‍ॅड्रेनलिन नेमके कोणत्या कप्प्यात आहे ते, आणि रात्रीच्या तंत्रज्ञाचे नाव. आल्यावर आधी तंत्रज्ञाला भेटावे. धूसर प्रतिमा, शिरेतून बाहेर गेलेले कॉन्ट्रास्ट, टेबलावर अचानक गप्प झालेला रुग्ण, हे सगळे त्यालाच सर्वांत आधी दिसते, आणि ज्याच्याशी ओळख असते त्यालाच तो वेळेवर हाक मारतो. वरिष्ठांना कोणत्या प्रसंगी उठवायचे हे त्यांच्याकडूनच आधी ठरवून घ्यावे. माझ्या वरिष्ठांचा नियम साधा होता: "उठवू की नको असा प्रश्न पडला, म्हणजे उठवायचे." त्या पहिल्या एकट्या रात्री मी त्यांना दोनदा उठवले, दोन्ही वेळा माझे वाचन बरोबर होते, आणि सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे प्रत्येक स्कॅनची सॅजिटल मालिका आधी उघडली.